जोशी रेल्वे म्युझियम, कोथरूड: एकटीने जाणाऱ्या रेल्वेफॅनचा अभिप्राय

कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. त्याच्याबद्दल लोक जे लिहितात ते बहुतेक एकाच सुरात असतं: मुलांना घेऊन जा, छान वेळ जातो. ते खरंच आहे. पण मला मूल नाही, मी तिथे एकटी जाते आणि रेल्वेसाठीच जाते. शिवाय मी स्वमग्न आहे, म्हणजे मला ऑटिझम आहे. त्याचं निदान उशिरा, नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर झालं. अचानक होणारे आवाज, भगभगीत दिवे, अंगाला अंग लागणारी गर्दी हे मला सोसत नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणी जाण्याआधी मला जी माहिती लागते ती कुठल्याच अभिप्रायात सापडत नाही. माझ्यासारख्या मोठ्या माणसांना आणि ज्यांच्या घरात माझ्यासारखं मूल आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

हे म्युझियम भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलं. लहानपणापासून यंत्रांचं वेड, पुढे स्वतःचा उद्योग, आणि त्याच्या जोडीला वर्षानुवर्षं छोट्या गाड्या. आधी प्रदर्शनांतून लोकांना मांडणी दाखवली आणि मग १ एप्रिल १९९८ ला कायमची जागा सुरू झाली. रेल्वेच्या मॉडेलांचं नाव निघालं की आज जगभर हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांडकडे बोट दाखवतात. ते २००१ साली उघडलं. म्हणजे आपलं कोथरूडचं त्याच्या तीन वर्षं आधीचं आहे. जर्मनीतलं ते कित्येक पटींनी मोठं आहे, तुलना आकाराची नाहीच. पण इंटरनेटवर मिनिटात माहिती मिळण्याच्या दिवसांआधी, सुटे भाग जमवताना दमछाक होत असेल अशा काळात, पुण्यातल्या एका माणसाने हे करून दाखवलं याचं मला फार अप्रूप आहे.

आत एक अख्खं शहर आहे. रूळ, पूल, रस्ते, दिव्याचे खांब, कुंपणं, सर्कस, पोहण्याचा तलाव. सिग्नलच ६५ आहेत. आपण भोवतीच्या पायऱ्यांवर बसायचं, निवेदन सुरू होतं आणि एकेक गाडी निघते. वाफेच्या इंजिनापासून आधुनिक वेगवान गाड्यांपर्यंत सगळं त्या शहरातून फिरतं. मग हळूहळू संध्याकाळ होते, खोलीतला उजेड कमी होतो आणि घराघरांतले दिवे लागतात. हा भाग सगळ्यांनाच आवडतो. मला मात्र उजेड असतानाचा भाग जास्त आवडतो, कारण तेव्हा सांधे दिसतात.

सांधा म्हणजे जिथे एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. बहुतेक लोक इंजिनाकडे बघत असतात. मी इंजिन येण्याआधी सांध्याची ती बारीक पाती सरकते का, तिकडे बघते. पाती सरकली, सिग्नल बदलला आणि मग गाडी आली, हा क्रम बरोबर असला की माझ्या छातीत जे होतं त्याला आनंद हा एकच शब्द आहे. बोटं आपोआप हलायला लागतात. ऑफिसात मी ती टेबलाखाली लपवते. इथे लपवत नाही, कारण सगळ्यांची तोंडं रुळांकडे असतात.

आता थोडं मापाबद्दल, कारण या म्युझियमची खरी गंमत मापात आहे. ही मॉडेलं एचओ मापाची, म्हणजे ८७ ला १. युरोपातल्या बहुतेक रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं, त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा येतं, आणि या मापाच्या रुळांची रुंदी तेवढीच. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तिला याच मापात साधारण १९.३ मिलिमीटरचा रूळ लागेल. म्हणून जगात मिळणाऱ्या तयार रुळांवर कुणी भारतीय इंजिनाचं मॉडेल चालवलं तर ते वरून रुंद आणि खालून किंचित अरुंद होतं. एकदा हे दिसायला लागलं की दिसतच राहतं. आणखी एक: खरी गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल तर या मापात ती सेकंदाला ३२ सेंटिमीटर जायला हवी. हात पसरून बोटांनी अंतर धरून तुम्ही हे तिथल्या तिथे तपासू शकता. छोटी गाडी फार जोरात पळवली तर ती खेळणं होते, आणि सावकाश चालली तर तिच्यात वजन असल्यासारखं वाटतं. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन खरं २० मीटर ५६ सेंटिमीटर लांब आणि १२३ टनांचं आहे. या मापात ते साडेतेवीस सेंटिमीटरचं, वितीपेक्षा थोडंसं मोठं होतं. एवढ्याशा वस्तूत शेकडो टन ओढणाऱ्या यंत्राची चाल आणायची, ही माझ्या मते कला आहे. चित्राला जी दाद मिळते ती हिलाही मिळायला हवी.

अलीकडच्या एका भेटीत माझ्या पुढच्या पायरीवर एक आजोबा आणि त्यांचा नातू बसले होते. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. निवेदनात गाडीचं नाव यायच्या आधी तो मोठ्याने सांगून टाकत होता, आणि बरोबर सांगत होता. आजोबा दर वेळी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून "हळू बोल, बाळा" म्हणायचे आणि मागे वळून आमच्याकडे बघत ओशाळं हसायचे. तिसऱ्या-चौथ्यांदा ते म्हणाले, "माफ करा हं, तो जरा तसा आहे. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलंय." शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "असू दे हो, होईल मोठेपणी ठीक."

कार्यक्रम संपल्यावर मॉडेलं मांडलेली असतात तिथे तो मुलगा विजेच्या एका इंजिनासमोर खिळून उभा होता. मला म्हणाला, "मावशी, पेंटोग्राफ वर आहे पण तार कुठाय?" मी सांगितलं, या मापाच्या बहुतेक इंजिनांना वीज रुळांतून मिळते. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, चाकांतून मोटरला. वर केलेला पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, बहुधा दिसण्यापुरता. उलट दिशेने न्यायची असेल तर धन-ऋण बदलायचं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हवेत बोटाने एक फास काढला आणि म्हणाला, "मग गाडी गोल वळून त्याच रुळावर परत आली तर धनाला ऋण लागेल. शॉर्ट होईल!"

मॉडेल रेल्वे करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेटतो. परत वळणारा फास टाकला की तेवढा तुकडा दोन्ही रुळांना कापे देऊन वेगळा करायचा आणि गाडी त्यात असताना धन-ऋण बदलायचं. मी त्याला ते पाकिटाच्या मागच्या बाजूवर काढून दाखवलं. त्याने ते पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

आजोबांनी विचारलं, "तुम्ही अशा मुलांना शिकवता का?" मी म्हणाले, "नाही. मी भोसरीला टूलरूममध्ये ड्राफ्टिंग करते. मला स्वतःला ऑटिझम आहे." त्यांचा चेहरा एकदम उतरला. "असं स्वतःबद्दल बोलू नये हो," ते म्हणाले, "चांगल्या आहात की तुम्ही."

ते अतिशय भले गृहस्थ होते आणि माझी समजूत काढायला बोलले. पण मी काही दुःख सांगितलं नव्हतं. हेच मला घरी, सोसायटीत, ऑफिसात सतत भेटतं. मी स्वमग्न आहे असं सांगितलं की लोक एक तर धीर देतात, नाहीतर "बघून वाटत नाही" म्हणून कौतुक करतात. दोन्ही वेळा माझं बोलणं तिथेच संपतं. मला पुढे सांगायचं असतं की जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळे एकदम बोलता तेव्हा मला एकही शब्द वेगळा ऐकू येत नाही, म्हणून मी डबा घेऊन दुसरीकडे बसते. तो तुमच्यावरचा राग नाही. तिथपर्यंत आम्ही पोचतच नाही.

आणि आजोबांनी नातवाच्या हुशारीचं कौतुक सुरू केलं तेव्हाही मला थोडं टोचलं. "ही मुलं म्हणे काहीतरी विशेष असतात." हा मुलगा चाणाक्ष आहे यात शंका नाही. पण त्याने फासाचं कोडं सोडवलं नसतं, नुसतं गाड्या जाताना बघून हात हलवत बसला असता, तरी त्याचं गाड्यांवरचं प्रेम तेवढंच खरं होतं. आवडीला बुद्धीचा दाखला जोडावा लागू नये. मी हे त्यांना म्हणालेसुद्धा. ते विचार करत राहिले.

मी लहान असताना मध्य रेल्वेचं छापील वेळापत्रक अंथरुणात घेऊन झोपायची. स्टेशनांची नावं, अंतरं, पोच आणि निघण्याची वेळ. एका समुपदेशकाने आईला सांगितलं की ते पुस्तक कपाटात ठेवा, नाहीतर मुलगी त्यातच अडकेल. आईने ठेवलं. तिला दोष देता येत नाही, तेव्हा तिला दुसरं कुणी काही सांगणारं नव्हतं. निदानाच्या पुस्तकांतही मांडणी अशीच आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकाच्या (डीएसएम) २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ऑटिझमच्या निकषांमध्ये तीव्रतेने किंवा एकाग्रतेने नेहमीपेक्षा वेगळ्या ठरणाऱ्या, मोजक्याच विषयांवरच्या आवडी हा निकष आहे. त्याच आवृत्तीत आवाज, उजेड, स्पर्श यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं याचाही निकषांत समावेश झाला, आणि तो झाला म्हणून माझ्यासारख्या अनेकींना स्वतःचं कोडं सुटलं. ओळख पटवायला असे निकष लागतात, हे मला मान्य आहे. पण ओळख पटली की लगेच ती आवड कमी करायच्या मागे का लागायचं?

माझ्या ऑफिसात एकाला १९८३ पासूनच्या प्रत्येक विश्वचषकातले धावांचे आकडे पाठ आहेत. त्याला सगळे प्रेमाने विचारतात, त्याच्याभोवती घोळका होतो. मी डब्ल्यूसीएएम-३ या इंजिनाबद्दल बोलले, की ते मुंबई-पुणे मार्गावर दोन वेगळ्या विजांवर चालायचं, डीसीवरही आणि एसीवरही, आणि मेन लाइनवरची डीसी २०१५ मध्ये संपल्यावर त्याचं ते वैशिष्ट्य कामाचं उरलं नाही, तर लोक घड्याळाकडे बघतात. भाऊसाहेब जोशींनी आयुष्याची वर्षं छोट्या रुळांना दिली, त्याला आपण छंद म्हणतो, ध्यास म्हणतो, आणि तिकीट काढून बघायला जातो. रास्तच आहे. मग त्या मुलाच्या बाबतीत तोच ध्यास लक्षण का होतो? पायरीवर बसून मी त्या ६५ सिग्नलांकडे बघते तेव्हा मला दिसतं की एकाच गोष्टीत इतका जीव घातला नसता तर इथे रिकामी खोली असती. भाऊसाहेबांच्या मनाची जडणघडण कशी होती याबद्दल मला काही सुचवायचं नाही, आणि कुणी सुचवूही नये. मी फक्त कामाबद्दल बोलते आहे.

रेल्वेफॅन लोकांत मला हा त्रास कधी झाला नाही, हे मुद्दाम सांगते. इंडियन रेल्वेज फॅन क्लब, ज्याला सगळे आयआरएफसीए म्हणतात, तो १९८९ मध्ये सुरू झाला. इंजिनांच्या नावांतली अक्षरं मी त्यांच्याच प्रश्नोत्तरांतून शिकले: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए एसी, सी डीसी, डी डिझेल, पी प्रवासी, जी माल, एम मिश्र. तिथे कुणी "एवढं कशाला" असं विचारत नाही. उलट तुम्ही शेडचं नाव चुकवलंत तर दोन मिनिटांत दुरुस्ती येते. मला असं सरळ सांगणारे लोक आवडतात.

मूळ इंग्लंडच्या थॉमस इंजिनाच्या मुलांसाठीच्या कार्टून मालिकेत २०२२ साली ब्रूनो नावाचं स्वमग्न पात्र आलं. ते गाडीच्या शेवटी लागणारा ब्रेकचा डबा आहे आणि त्याच्या कंदिलावरून त्याचं मन कळतं. आपल्याकडे ज्याला गार्डचा डबा म्हणायचो, तोच. ही निवड ज्याने केली त्याला रेल्वे समजते, कारण शेवटचा डबा आला म्हणजे गाडी पूर्ण आली, ही खूण त्याच्यावरूनच पटते.

म्युझियमच्या आवारात मॉडेलांचं सामानही विकायला असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तयार संच घेण्याआधी आठवडाभर थांबावं असं माझं मत आहे. परदेशी इंजिनं महाग असतात आणि घरात रूळ कायम अंथरून ठेवायला जागा लागते. मी पुठ्ठ्यापासून सुरुवात केली. अप्पा बळवंत चौकातून माउंटबोर्ड आणि आयव्हरी कार्ड, बोहरी आळीतून बारीक पितळी तार. सध्या १९२८ चं डब्ल्यूसीजी-१ करते आहे. बोर घाटात मालगाड्या चढवणारं, तीन तुकड्यांत वाकणारं, बाजूला दांडे फिरवत जाणारं ते हिरवं स्विस धाटणीचं इंजिन, ज्याला रेल्वेवाले खेकडा म्हणायचे. त्याच्या अंगावरचे रिव्हेट संपलेल्या रिफिलच्या टोकाने कागदाच्या मागून दाबून उठवते. एकेक ओळ पट्टीवर मोजून. ऑफिसातला दिवस वाईट गेला असेल तर दोन ओळी जास्त होतात.

आता कामाच्या गोष्टी. मी पिंपरीहून मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलते, आनंदनगरला उतरते आणि पुढे रिक्षा करते. तिकिटाचे दर आणि कार्यक्रमाच्या वेळा निघण्याआधी फोन करून विचारा, शाळांच्या सहली कधी आहेत तेही विचारा. सहल असेल तेव्हा आवाज खूप असतो. ती मुलं आनंदाने ओरडतात, त्यांना ओरडू द्यावं, आपण दुसरी वेळ निवडावी. सुट्टीचे दिवस टाळा. निवेदन लाउडस्पीकरवर असतं, मी कानात बोळे घालते आणि तरी शब्द नीट कळतात. उजेड हळूहळू कमी होतो, एकदम काळोख होत नाही, पण मुलाला आधी सांगून ठेवा की रात्र होणार आहे आणि मग परत दिवस होणार आहे. कडेची जागा धरा, म्हणजे एकाच बाजूला शेजारी येतो आणि उठून जावंसं वाटलं तर कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. रुळांना हात लावायचा नाही हे घरूनच ठरवून न्या.

म्युझियमला एक विनंती. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये 'अर्ली बर्ड्स' नावाने काही सकाळी दारं लवकर उघडतात, ज्यांना गर्दी आणि आवाज सोसत नाही अशा कुटुंबांसाठी. इथे महिन्यातून एखादा कार्यक्रम निवेदनाशिवाय, थोड्या लोकांसाठी, उजेड जरा जास्त ठेवून करता येईल का? चाकं सांध्यावरून जाताना होणारा बारीक खडखडाट तेव्हा ऐकू येईल. मी तिकीट दुप्पट दराने काढीन, आणि त्या आजोबांसारखे किती लोक माफी न मागता बसतील.

जाताना आजोबांनी विचारलं की याला आता पुढे काय दाखवू. कर्जत, मी म्हणाले. पुण्याकडे येणारी गाडी थांबली की पुढे इंजिनाकडे धावू नका, शेवटच्या डब्यापाशी उभे राहा. घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, तो चढवायला गाडीच्या मागे दोन-तीन बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. इंजिन डब्याला कसं जोडतात आणि हवेचे पाइप कोण लावतं ते त्याला जवळून दिसेल, फक्त फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या मागे. कान झाकायला काहीतरी न्या, बँकरचा हॉर्न जवळून फार मोठा लागतो. नातवाने विचारलं, "डब्ल्यूएजी-७ असेल का?" मी म्हणाले, बहुतेक. तो आजोबांना म्हणाला, "पुढच्या रविवारी."